किती कृत्यांचा एक वंशसंहार?

तर मंडळी, मागच्या खेपेला एक चिठ्ठी आली होती. परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते सर्रास खोटं बोलतात, यावर तुम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचं म्हणणं काय? आमचं म्हणणं असं, की ते खोटं फारसं बोलतच नाहीत. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं. इथला प्रकार निराळा आहे, आणि तो एका जुन्या प्रसंगावरून चांगला कळतो.

१० जून १९९४. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची नेहमीची पत्रकार परिषद. रवांडात तुत्सींची कत्तल सुरू होऊन नऊ आठवडे झालेले. सुमारे शंभर दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे; म्हणजे त्या दिवशी कत्तल चालूच होती, हे ध्यानात ठेवा. प्रवक्त्या ख्रिस्तीन शेली म्हणाल्या, रवांडात ‘वंशसंहाराची कृत्यं’ घडली आहेत असं मानायला आधार आहे. रॉयटर्सचे ॲलन एल्सनर यांनी विचारलं, अशी किती कृत्यं झाली म्हणजे वंशसंहार होतो? उत्तर आलं, या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या स्थितीत मी नाही.

हा सवाल-जवाब पुढे पुष्कळ गाजला. प्रश्न चलाख आहे यात वाद नाही. पण आम्हाला विचाराल तर तो किंचित चुकला. किती दाणे म्हणजे रास, हे ग्रीकांचं जुनं कोडं. मिलेटसच्या युबुलिडिसच्या नावावर सांगतात. त्याला नेमका आकडा नाही. ज्याला उत्तर द्यायचंच नाही, त्याला असा प्रश्न म्हणजे बसायला पाटच.

आता १९४८ चा वंशसंहारविरोधी करार काढून बघा. कलम दुसरं. त्यात आकडा कुठेही नाही. एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, पूर्ण वा अंशतः, नष्ट करण्याच्या हेतूनं केलेली हत्या वगैरे कृत्यं म्हणजेच वंशसंहार. कृत्याला ते नाव मिळतं हेतूमुळे. मग ‘वंशसंहाराचं कृत्य’ एकदा म्हटलंत की हेतू कबूल केलात. हेतू कबूल केल्यावर उरलं काय? हे म्हणजे ‘वाड्यात चोरीची कृत्यं झाली आहेत, चोरी झाली की नाही ते तपासतो आहोत’, असं झालं. शेलीबाईंचा बचाव होता, की रवांडातल्या सगळ्याच हत्यांना हे नाव लागणार नाही. खरं आहे, तिथे यादवी युद्धही चालू होतं. पण वाड्यात त्याच रात्री मारामारीही झाली, म्हणून चोरी रद्द होते का?

मग एवढी कसरत कशासाठी? त्याचा कागद पुढे खुला झाला. १ मे १९९४ च्या, संरक्षण खात्यातल्या एका टिपणात बजावलं होतं, की या शब्दाबाबत जपून. परराष्ट्र खात्याच्या कायदेवाल्यांना काळजी आहे, तसा निष्कर्ष काढला तर सरकारला खरोखर काहीतरी करावं लागेल. पुढे २१ मे रोजी परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांनी ‘कृत्यं’वाल्या वाक्यरचनेला परवानगी दिली. म्हणजे बघा, रवांडात काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं. शब्द मात्र वस्तुस्थितीवरून निवडला गेला नाही, तो त्याच्या परिणामावरून बेतला गेला. आपल्याकडेही ‘आम्ही परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत’ हे वाक्य ऐकलं की आम्ही कान टवकारतो. (त्यांचं ते ‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण, हे कधी कळत नाही. आमचं ‘आम्ही’ ही नुसती जुन्या मास्तरांची खोड आहे, त्यामागे खातं नाही.)

कोणी म्हणेल, शब्द उच्चारला असता तर फरक पडला असता. आमचीही तशीच समजूत होती, ९ सप्टेंबर २००४ पर्यंत. त्या दिवशी कॉलिन पॉवेल यांनी सिनेटच्या समितीपुढे दारफूरमध्ये वंशसंहार झाला असं स्पष्ट सांगितलं, आणि त्याच साक्षीत हेही सांगितलं, की या निष्कर्षामुळे कोणतीही नवी कृती करणं भाग पडत नाही. आम्हाला हा दुसरा प्रसंग जास्त खुपतो. १९९४ च्या पळवाटेत निदान शब्दाची भीती होती.

परत त्या जूनमधल्या परिषदेकडे येतो. तिथे एल्सनर यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, तो कमी लोकांच्या लक्षात राहिला. ‘वंशसंहार’ हा शब्द सुटा वापरू नका, मागे ‘कृत्यं’ जोडा, अशी सूचना तुम्हाला आहे का? शेलीबाई म्हणाल्या, मला मार्गदर्शन दिलेलं आहे, आणि ते मी जमेल तितकं नीट पाळते. त्या दिवसाचं सगळ्यात सरळ उत्तर आम्हाला हेच वाटतं. विचारायचं राहिलं ते एवढंच, की ते मार्गदर्शन लिहिलं कोणी, आणि त्याला इथे समोर का बसवलं नाही.