टाले येथील अश्वखूर आणि चेटकिणींचे नृत्यस्थल : स्थलकथेच्या एका आधुनिक रूपाची चिकित्सा

१

लोककथेच्या विविध प्रकारांत स्थलकथेचे एक वैशिष्ट्य असे की, तिचा पुरावा कथेच्या बाहेर, प्रत्यक्ष भूमीवर उभा असतो. परीकथेतील राजवाडा कोठे होता, असे कोणी विचारीत नाही. स्थलकथेतील खडक मात्र दाखवावाच लागतो. सांगणाऱ्याने बोट दाखवावे, ऐकणाऱ्याने पाहावे आणि पाहिल्यावर विश्वास ठेवावा किंवा हसावे, एवढी तिची सामग्री. आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्येही याच सामग्रीवर उभी आहेत. अशी भूमी जेव्हा कुटुंबाच्या एका दिवसाच्या सहलीचे ठिकाण बनते, तेथे रज्जुमार्ग, प्राणिसंग्रहालय, खेळणी आणि खाद्यगृहे येतात, तेव्हा तेथील कथेचे काय होते, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे. बाजाराने कथा भ्रष्ट केली, असे त्याचे उत्तर बहुधा दिले जाते. जर्मनीतील हार्ट्‌स पर्वताच्या ईशान्य कडेला वसलेल्या टाले या गावाचे उदाहरण तपासले असता हे उत्तर अपुरे ठरते.

२

टाले येथे बोडे नदी पर्वत सोडून मैदानात उतरते. ट्रेझेबुर्गपासून टालेपर्यंत तिने सुमारे दहा किलोमीटर लांबीची घळ कोरली असून, या घळीला १९३७ पासून निसर्गसंरक्षित क्षेत्राचा दर्जा आहे. घळीच्या मुखाशी दोन कडे समोरासमोर उभे आहेत. एका बाजूस, समुद्रसपाटीपासून ४५४ मीटर उंचीवर, हेक्सेनटान्सप्लाट्स म्हणजे चेटकिणींचे नृत्यस्थल आहे. तर दुसऱ्या बाजूस रोसट्राप्पे, म्हणजे घोड्याच्या टापेचा ठसा, या नावाचा ग्रॅनाइटचा सुळका. सुळक्याच्या माथ्यावर खडकात एक लंबवर्तुळाकार खळगा आहे. एका खळग्याचा आणि समोरच्या कड्यापर्यंतच्या पोकळीचा अर्थ लावणे, एवढेच येथील कथेचे मूळ कार्य होय.

आज टाले येथे रूढ असलेली कथा थोडक्यात अशी. ब्रुनहिल्डे नावाची राजकन्या नको असलेल्या वरापासून, राक्षसकुळातील बोडोपासून, पांढऱ्या घोड्यावरून पळत कड्याच्या टोकाशी आली. पुढे दरी, मागे बोडो. तिने घोड्याला टाच मारली. घोडा पलीकडच्या खडकावर पोहोचला आणि त्याच्या खुराची खूण तेथे उमटली; तिचा सुवर्णमुकुट मात्र नदीत पडला. मागोमाग उडी घेणारा बोडो दरीत कोसळला, काळा कुत्रा झाला आणि आजही त्या मुकुटाची राखण करतो. नदीचे नावही त्याच्यावरूनच पडले, असे कथा सांगते.

३

ही कथा अनादी काळापासून याच रूपात चालत आली, असा समज सहलीला येणाऱ्याचा सहज होतो. लिखित पुरावा वेगळे सांगतो. हाल्बरश्टाट येथील विद्वान नाख्टिगाल याने ‘ओटमार’ या टोपणनावाने १८०० साली लोककथांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. ग्रिम बंधूंच्या जर्मन आख्यायिकांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१६ चा. या खंडात अश्वखुराची नोंद आहे, आणि तेथे संपादकांनी एक कथा न देता परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक कथा एकाखाली एक मांडल्या आहेत. त्यांपैकी एकीत पळून येणारी राजकन्या आहे खरी. पण तिचे नाव ब्रुनहिल्डे नसून एमा आहे. ज्या प्रदेशात राक्षस स्त्रियांना पळवून नेऊन बंदिवान करीत, तेथे सर्व काही बोडोच्या अधीन झाले, फक्त एमाचे मन झाले नाही, असे ती कथा सांगते. दुसऱ्या एका पाठात तर पाठलाग करणारा कोणी नाहीच. तेथे एका राक्षसराजाची मुलगी पैज लावते की, आपण ही दरी तीनदा ओलांडू. दोनदा ती यशस्वी होते. तिसऱ्यांदा घोडा उलटतो आणि ती कायमची त्या डोहात राहते. मुकुट आणायला गेलेला पाणबुड्याही पुन्हा वर येत नाही. येते ते फक्त रक्त.

हे दोन पाठ शेजारी ठेवले की, खडक तोच राहून अर्थ किती बदलतो ते ध्यानात येते. एकीत उडी ही नकाराची अखेरची वाट आहे, दुसरीत ती स्वतःच्या सामर्थ्याची परीक्षा आहे. एकीत स्त्री वाचते, दुसरीत बुडते. नावातील बदलही किरकोळ नव्हे. एमा या नावामागे कोणतेही महाकाव्य नाही. ब्रुनहिल्डे म्हणताच निबेलुंगांच्या कथेचा आणि तिच्याभोवती एकोणिसाव्या शतकात रचल्या गेलेल्या राष्ट्रीय अभिमानाचा सगळा परिवार मागे उभा राहतो. स्थानिक मुलीची एका सार्वत्रिक नायिकेत झालेली ही बढती होय, आणि बढतीबरोबर तिचे स्वतःचे घर गेले.

४

समोरच्या नृत्यस्थलाची गोष्ट याहून बोलकी आहे. ३० एप्रिलच्या, वालपुर्गिसच्या, रात्री चेटकिणी हार्ट्‌समध्ये जमतात ही समजूत जुनी आहे. योहानेस प्रेटोरियस याने १६६८ मध्ये ब्रोकेन शिखरावरील या मेळ्यावर एक ग्रंथच लिहिला. गटेच्या ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागाने, १८०८ मध्ये, त्या रात्रीला विश्वसाहित्यात स्थान दिले. परंतु हा मेळा मुख्यतः ब्रोकेनचा. टालेच्या पठारावर त्याचे बिऱ्हाड सहली वाढल्या तसे अधिकाधिक थाटाचे झाले. नावाची जी ‘ऐतिहासिक’ उपपत्ती येथे सांगितली जाते, म्हणजे नव्या धर्माच्या पहारेकऱ्यांना पळवून लावण्यासाठी जुन्या धर्माच्या सॅक्सन लोकांनी चेटकिणींची सोंगे घेतली, तीही विचारी मनाला पटेल अशी जुळवलेली आहे. त्याच कल्पनेवर गटेने १७९९ मध्ये एक कथाकाव्य रचले होते आणि मेंडेल्सोनने त्याला संगीत दिले. लोकसमजूत, तिचे विवेकी स्पष्टीकरण आणि काव्य यांची सरमिसळ येथे इतकी जुनी आहे की, त्यांतून ‘शुद्ध’ लोककथा वेगळी काढू पाहणे व्यर्थ होय.

१८६२ मध्ये टालेपर्यंत लोहमार्ग आला आणि मोठ्या शहरांतील कुटुंबे येथे येऊ लागली. कादंबरीकार फोन्टाने याने ‘सेसिल’ या १८८७ मधील कादंबरीसाठी हेच गाव निवडले, यावरून ही सहल तोवर किती परिचित झाली होती ते कळते. १९०१ मध्ये चित्रकार हेरमान हेन्ड्रिख याच्या पुढाकाराने पठारावर वालपुर्गिस-मंदिर उभे राहिले. आत ‘फाउस्ट’मधील त्या रात्रीची दृश्ये रंगविलेली, आणि दर्शनी बाजूस एकाक्ष वोटान देवाचे मस्तक. १९०३ मध्ये एर्न्स्ट वाखलर याने शेजारीच उघड्यावरील पर्वतनाट्यगृह स्थापिले. प्राचीन जर्मन धर्माचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या वंशाभिमानी विचारसरणीचा तो प्रवर्तक होता. म्हणजे ज्यास आज पुराण समजले जाते त्याचा मोठा भाग शंभर-सव्वाशे वर्षांचा, आणि त्यामागचे हेतू निर्मळ होते असे म्हणणे कठीण. पुढे पूर्व जर्मनीच्या राजवटीत, १९७० मध्ये, गावातून पठारावर जाणारा रज्जुमार्ग झाला, त्यानंतर हार्ट्‌सच्या वन्यप्राण्यांचे संग्रहालय, आणि १९८० मध्ये अश्वखुराकडे नेणारा खुर्च्यांचा रज्जुमार्ग. वंशाभिमान्यांनी येथे पूर्वज शोधले, समाजवाद्यांनी श्रमिकांची विश्रांती पाहिली आणि आजच्या व्यवस्थापकांना ग्राहक दिसतात. कथा प्रत्येकाच्या उपयोगी पडली.

५

आता आजच्या सहलीचे परीक्षण करावयाचे. आई, वडील, दोन मुले आणि एखादी आजी असे कुटुंब सकाळी टालेला उतरते. पाळण्यात बसून पठारावर जाते. दगडावर बसलेल्या सैतानाच्या पुतळ्याशेजारी छायाचित्र काढते. उलट्या बांधलेल्या चेटकिणीच्या घरात छतावरून चालते. लिंक्स, लांडगा आणि अस्वल पाहते. रुळांवरील घसरगाडीतून ओरडत खाली येते, आणि केरसुणीवर बसलेली कापडी चेटकीण विकत घेऊन घरी जाते. या क्रमात कथेला तीन प्रकारची वागणूक मिळते, आणि तिन्हींचे मूल्य सारखे नाही.

पहिला प्रकार मूर्तीचा. सैतान, चेटकीण, उलटे घर यांत कथेचे पात्र आहे, प्रसंग नाही. मूल त्याच्या मांडीवर चढते आणि उतरते. काय झाले, पुढे काय होईल, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. येथे कथा सजावट होते. सजावट म्हणून ती निरुपद्रवी मानता आली असती. परंतु चेटकिणीच्या बाबतीत तशी सूट देता येत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत जर्मन प्रदेशांत चेटकाच्या आरोपावरून हजारो माणसे ठार मारली गेली. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, आणि हार्ट्‌सच्या पायथ्याची गावे याला अपवाद नव्हती. मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. सातपुड्याच्या पाड्यांत ‘डाकीण’ ठरविलेल्या स्त्रियांचा छळ ही जुन्या काळची गोष्ट नव्हे. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. जो शब्द एखाद्या स्त्रीचा जीव घेऊ शकतो, त्याची बाहुली करताना निदान तो शब्द काय करीत आला हे सांगण्याची जबाबदारी येते. कापडी बाहुलीच्या हसऱ्या चेहऱ्यावर ते लिहिता येत नाही.

दुसरा प्रकार शरीराच्या अनुभवाचा, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. कथेत जी दरी अनुल्लंघ्य होती, ती दोन रज्जुमार्गांनी मुलांच्या खेळाची करून टाकली. एका कड्यावरून उतरून दुसऱ्यावर चढणे आता काही मिनिटांचे काम. एवढ्यावरून कथेचा पायाच ढासळला, असे म्हणावेसे वाटते. तथापि २०१२ मध्ये नवीन पाळणे आले तेव्हा त्यांतील काहींना काचेचा तळ बसविण्यात आला. पायांखाली झाडांचे शेंडे सरकू लागले की, मूल आईचा हात घट्ट धरते. भीती विकत मिळते हे खरे. परंतु ती उंचीची खरी भीती आहे, आणि घोड्यावरच्या मुलीने काय केले हे समजण्याचे पहिले साधन तीच होय.

तिसरा प्रकार सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त. अश्वखुराच्या कठड्याशी उभे राहिले की समोर फक्त पोकळी असते, खाली बोडेचा आवाज, पायाशी पाण्याने भरलेला खळगा. येथे कोणत्याही पुतळ्याची गरज लागत नाही. मूल विचारते, “घोडा इथे आला, तर उडी कुठून मारली?” आणि मोठ्या माणसाला बोट दाखवावे लागते. त्या क्षणी स्थलकथा तिच्या मूळ रीतीने पुन्हा घडते; सांगणारा, ऐकणारा आणि खूण, तिघेही हजर असतात. ती तिकीट काढून आलेल्या कुटुंबात घडली, यामुळे तिचे सत्त्व उणे होत नाही. लोहमार्गाने आलेल्या कुटुंबांतही ती अशीच घडली असणार.

६

यावरून दोन निष्कर्ष निघतात. बाजाराने कथा भ्रष्ट केली, हा आक्षेप टिकत नाही. येथील कथा ग्रंथकर्ते, चित्रकार, नाटककार आणि शासन यांच्या हातांतून सतत बदलत आली आहे. खरी हानी पाठभेदांची झाली. ग्रिम बंधूंनी जे अनेक पाठ शेजारी ठेवून वाचकाला संभ्रमात पाडले, त्यांतील एकच आज या भूमीवर नांदतो. पाठभेद जिवंत असतात तोवर ऐकणाऱ्याला निवड असते, आणि निवड असते तोवर कथा विचार करावयास लावते. पैज लावणारी मुलगी विस्मरणात गेली की, पळणारी मुलगी ही एकच मुलगी उरते. आणि कड्यावर उभ्या असलेल्या लहान मुलीपर्यंत स्त्रीच्या धैर्याचा एकच प्रकार पोहोचतो.

अशा स्थळांचे मूल्यमापन करताना, म्हणून, कथा जुनी आहे की नवी, हा निकष पुरेसा नाही. त्या स्थळाने खुणेला मोकळे ठेवले आहे की तिच्यावर पुतळा बसविला आहे, आणि एकापेक्षा अधिक कथांना जागा दिली आहे की नाही, हे पाहावे लागेल. टालेचा पठाराकडील भाग या कसोटीला उतरत नाही. समोरचा सुळका, त्यावर केवळ एक खळगा असल्यामुळेच, उतरतो.