ग्रंथालयांचा वार्षिक अहवाल

ग्रंथांची समीक्षा हा या पृष्ठांचा नित्याचा उद्योग. आज आम्ही एका छापील नमुन्याची समीक्षा करणार आहों. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालीं झाला. मराठवाड्यास असा कायदा नवा नव्हता. हैदराबाद राज्यानें तो 1955 सालींच केला होता. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अनुदान वर्गावर, आणि वर्ग मुख्यतः सभासद, ग्रंथ व नियतकालिकें यांच्या संख्येवर. ती संख्या वार्षिक अहवालांत भरावयाची.

सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्यांत गैर कांहींच नाहीं. 2012 सालीं राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, ती अकारण खासच नव्हती. आमचा आक्षेप निराळा आहे. किनवट तालुक्यांतील इस्लापूरसारखें गांव घ्या. या भागांत मराठीशेजारीं तेलुगु, गोंडी व बंजारा बोली नांदतात. अशा ठिकाणीं एकानें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचलें व चौघांनीं ऐकलें, मुलीनें नेलेलें पुस्तक घरांत तिघांनीं वाचलें, तर अहवालांत काय उमटणार? एक सभासद, एक पुस्तक! उलट कधींच न उघडलेले हजार ग्रंथ तेथें दिमाखानें मिरवतात.

ग्रंथाचें सार्थक्य त्याच्या उपयोगांत, हें डॉ. रंगनाथन यांनीं 1931 सालींच आपल्या पांच सूत्रांत अग्रभागीं मांडलें. आमची मोजणी मात्र अद्याप कपाटापाशींच थबकली आहे. आणि खरी, लहान संख्या लिहिणाऱ्या ग्रंथपालास आपलाच वर्ग उतरण्याचें भय. वर्ग ठरवितांना यंदां एकदांही बाहेर न गेलेले ग्रंथ किती, एवढेंच विचारून पाहावें. कित्येक वरिष्ठ वर्गांची लेखणी तेथें अडखळेल.