भूत जुनं, भीती कुणाची?



सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरांत लागला. २०१८ साली पहिल्यांदा आला तेव्हा त्याला बेताचीच गर्दी होती. दुसऱ्या खेपेला त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. त्याच वर्षी जूनमध्ये आलेला 'मुंज्या'ही जोरात चालला. म्हणजे पणजीच्या गोष्टींतली भुतं पुन्हा चलतीत आली आहेत. मला त्याचा आनंदच आहे. पण जुनी भयकथा आजच्या प्रेक्षकासाठी नव्याने करायची, तर तिच्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं? लोक याचं उत्तर तंत्रात शोधतात. माझ्या मते तो आधी विवेकाचा प्रश्न आहे. कसा, ते सांगतो.

आपल्या लोकपरंपरेतल्या भुतांची यादी नीट पाहा. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, तो मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई, ती हडळ किंवा अळवंतीण. ही यादी म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची नोंदवहीच आहे. ज्यांना समाज जगवू शकला नाही, त्यांना त्याने पिंपळावर आणि विहिरीवर जागा दिली. त्या भीतीत थोडी अपराधाची जाणीवही असणार, असं मला वाटतं.

आता शास्त्राकडे येऊ. भयानक रस समजावताना अभिनवगुप्ताने 'शाकुंतला'तलं हरिण घेतलंय, रथापुढे पळणारं. तो म्हणतो, ते पाहताना जाणवणारी भीती ना हरिणाची असते, ना आपली. ती कुणा एकाची राहतच नाही. यालाच आपण साधारणीकरण म्हणतो. गावची भुताची गोष्ट नेमकी याच्या उलट असते. तिथे पिंपळ हाच, वाडा हाच, घराणंही हेच. रूपांतर करणाऱ्याला ही एका गावची भीती सगळ्यांची करायची असते. आणि इथेच पाय घसरतो. कारण 'त्या वाड्यातली म्हातारी' सगळ्यांची करता करता ती 'कुठलीही म्हातारी' होऊन बसते.

'तुंबाड'चंच बघा. राही बर्वे यांना हा चित्रपट सुचला तो नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून. ती कथा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून बेतलेली. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. म्हणजे ज्याला आपण अस्सल कोकणी भय म्हणतो, त्याचं आजोळ अमेरिकेत! त्यात वाईट काही नाही. कलम कुठून आणलं यापेक्षा ते कुठल्या मातीत धरलं, हे महत्त्वाचं.

किंगच्या कथेत आजी चेटकीण आहे आणि शेवटी ती नातवाचाच ताबा घेते. 'तुंबाड'मध्येही आजी भयंकर आहे. साखळीने बांधलेली, हस्तरच्या नावाने झोपवावी लागणारी. पण दुसऱ्या भागात विनायक परत येतो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेलं असतं, आणि तिला हवं असतं फक्त मरण. सोन्याच्या हव्यासाने तिला ना जगू दिलं, ना मरू दिलं. तिथून पुढे आपण आजीला भीत नाही. आपण भितो ते कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरणाऱ्या, चांगल्या कपड्यांतल्या विनायकरावाला. भीती म्हातारीवरून उचलून वारसदाराच्या लोभावर ठेवली, हे या रूपांतराचं खरं काम. पाऊस आणि छायाचित्रण उत्तम आहेच, पण ते त्यानंतर.

'मुंज्या'त ही संधी हातात येऊन निसटली. १९५२ सालचा तो मुलगा मोठ्या मुलीशी लग्नाचा हट्ट धरतो आणि त्यासाठी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो. 'नाही' ऐकूच न शकणारा पुरुष! याहून आजचं भूत कुठलं हवं? पण चित्रपट त्याला संगणकावर घडवलेला मिश्कील पोरगा करतो आणि आपण हसत बाहेर पडतो. हसायला माझी हरकत नाही. पण त्या बहिणीचं काय? तिच्या बाजूने ही गोष्ट कुणी सांगितलीच नाही.

विशाल फुरियांचा 'लपाछपी' जास्त धीट आहे. उसाच्या फडातलं घर, गरोदर बाई आणि मुलगी नको म्हणून चालत आलेलं खुनाचं सत्र. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. हे आकडे माहीत असलेल्या माणसाला त्या फडात वेगळ्या भुताची गरज पडत नाही. तरी माझी एक तक्रार आहे. घरातले पुरुषही त्या पापात सामील आहेत, पण चित्रपट संपल्यावर डोळ्यांपुढे उरते ती म्हातारीच. उषा नाईकांनी काम इतकं छान केलंय, म्हणून तर ती जास्तच उरते.

तुम्ही म्हणाल, सर, सिनेमाच आहे तो. खरंय. पण नाशिकहून उत्तरेला सातपुड्याकडे चला. नंदुरबारच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. अशा राज्यात पडद्यावरची म्हातारी निव्वळ करमणूक राहत नाही.

म्हणून भुतांचे सिनेमे बंद करा, असं मी म्हणणार नाही. ते बंद केले तर ती नोंदवहीच फाडल्यासारखं होईल. मी लहानपणी पिंपळाखालून जाताना 'राम राम' पुटपुटत पळत सुटायचो. आज वाटतं, थांबून विचारायला हवं होतं: पोरा, तू कशाने गेलास? जुनी भयकथा नव्याने करणाऱ्याने एवढंच विचारावं. आणि आपण प्रेक्षकांनी दिवे लागल्यावर एक गोष्ट तपासावी: दोन तास आपल्याला नक्की कुणाची भीती घातली गेली? मारणाऱ्याची, की मेलेल्याची?