स्टो : प्रासाद आणि पाठशाळा

इमारत ज्या हेतूनें उभारली तो हेतु लोपला, म्हणजे तिच्या सौंदर्याला कांहीं अर्थ उरतो काय? इंग्लंडांतील बकिंगहॅमशायर परगण्यांतल्या स्टो येथील प्रासादाचा विचार करितांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं. अठराव्या शतकांत टेंपल घराण्यानें आपलें वैभव जगास दाखविण्याकरितां तो वाढविला. १९२३ सालापासून तेथें शाळा आहे.

प्रासादाची दक्षिणेकडील दर्शनी बाजू हीच त्याची खरी कीर्ति. मूळ आराखडा रॉबर्ट अ‍ॅडम ह्याचा. टॉमस पिट ह्यानें त्यांत फेरफार केले व त्यानुसार ती १७७० च्या दशकांत उभी राहिली. मधोमध सहा कॉरिंथियन स्तंभांचा द्वारमंडप, दोहों बाजूंस ठेंगणे व मागें सरलेले जोडभाग, आणि टोकांस पुन्हां उंचावलेलीं दालनें. लांबी पुष्कळ असूनहि डोळा थकत नाहीं. कारण दृष्टीस जेथें विसावा हवा, तेथें भिंत आपण होऊन मागें सरते. पिटचा हा संयम आम्हांस साऱ्या अलंकारांहून मोलाचा वाटतो.

ह्याच्या उलट आंतील संगमरवरी दिवाणखाना. तो १७८८ सालीं पुरा झाला. रोममधील पॅंथिऑनचा आदर्श पुढें ठेवून रचलेल्या ह्या लंबवर्तुळाकार दालनास उजेड मिळतो तो घुमटाच्या माथ्यावरून. घुमटाखालील शिल्पपट्टीवर रोमन मिरवणुकींतील २८० हून अधिक मानवाकृति आहेत. जमीन खऱ्या संगमरवराची. सोळा स्तंभ मात्र संगमरवराची नक्कल करणाऱ्या रंगीत लेपाचे! पाहुण्यास दिपवावें, ह्यापलीकडे ह्या दालनास फारसें काम नव्हतें.

ह्या दिपविण्याचें मोल घराण्यास द्यावें लागलें. बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक कर्जांत बुडाला आणि १८४८ सालीं चाळीस दिवस लिलांव चालून घरांतील सामानसुमान विकलें गेलें. पुढें वास्तूच विक्रीस निघाली, तेव्हां तिला शाळेनें आसरा दिला. ११ मे १९२३ रोजीं ९९ विद्यार्थ्यांनिशीं शाळा उघडली. येथें वाढलेला मुलगा जन्मभर सौंदर्य ओळखील, अशी पहिले मुख्याध्यापक जे. एफ. रॉक्सबर्ग ह्यांची श्रद्धा होती. दिपविण्यासाठीं बांधलेल्या दालनास आतां नजर घडविण्याचें काम मिळालें.

परंतु ह्याच शाळेच्या पहिल्या दशकांत एक अपकृत्य घडलें. रॉबर्ट लॉरिमर ह्यांच्या आराखड्यानुसार उठविलेल्या प्रार्थनामंदिराकरितां बागेंतील ‘सामंजस्य व विजय’ ह्या मंदिराचे सोळा स्तंभ काढून नेले आणि त्यांच्या जागीं विटांच्या भिंती घातल्या. ग्रीक धर्तीच्या मंदिराची शोभा स्तंभांमधून खेळणाऱ्या छायाप्रकाशांत असते. तेथें भिंत आली कीं त्याचें कोठार होतें. १९९० च्या दशकांत नॅशनल ट्रस्टनें नवे स्तंभ बसवून तें मंदिर पूर्ववत् केलें.

सौंदर्य शिकविणाऱ्यांनीं सौंदर्याच्या ग्रंथांतलें पान फाडून दुसऱ्या ग्रंथास जोडावें, हें विपरीत होय. कोणी म्हणतील, शाळा नसती तर सारा ग्रंथच रद्दींत गेला असता. तें ऋण आम्ही मान्य करितों. तथापि वांचविणाऱ्यास मोडण्याचा अधिकार मिळतो, असें आम्हांस वाटत नाहीं. जुन्या वास्तूंत राहावयास येणाऱ्यानें पिटच्या त्या दर्शनी भिंतीकडून एवढेंच शिकावें, कीं कोठें मागें सरावें.