‘द ब्रेकफास्ट क्लब’ : मुखवटा आणि छाया

युंगच्या मते मुखवटा म्हणजे जगाला दाखवलेला चेहरा आणि छाया म्हणजे स्वतःलाही नकोसा वाटणारा, दडपलेला भाग. जॉन ह्यूज यांच्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५) या चित्रपटात शिक्षा म्हणून शनिवारी शाळेच्या ग्रंथालयात बसवलेली पाच मुले आहेत : हुशार, खेळाडू, विक्षिप्त, राजकन्या, गुंड. हे आदिबंध तुमच्या ओळखीचेच आहेत.

हुशार ब्रायनकडे नीट पाहा. सोंड ओढल्यावर पेटणारा हत्तीचा दिवा त्याला कार्यशाळेच्या विषयासाठी करायचा होता. दिवा पेटला नाही, तो नापास झाला आणि जीव देण्याच्या विचाराने त्याने कपाटात पिस्तूल आणून ठेवले. निघाली ती फ्लेअर गन, आणि तीही कपाटातच उडाली! मुले हसतात, आधी दुखावलेला ब्रायनही मग हसतो. छाया इथे हसण्यातूनच उघडी पडते.

विक्षिप्त अ‍ॅलिसनच्या बाबतीत मात्र दिग्दर्शक कचरतो. क्लेअर तिला सजवते आणि खेळाडू अँड्र्यू लगेच तिच्याकडे वळतो. तिला फक्त दुसरा मुखवटा मिळाला, असे माझे मत आहे.

शेवटी दोन जोड्या जुळतात. ब्रायन मात्र एकटाच बसून पाचही जणांचा निबंध लिहितो.