ट्रॅफिक: आवाज विनवुडचा, कान वुडचा

‘ट्रॅफिक’ या ब्रिटिश बँडचा विषय निघाला की गप्पा स्टीव्ह विनवुडच्या आवाजापाशी सुरू होतात आणि बहुधा तिथंच संपतात. आवाज होताच तसा. ‘स्पेन्सर डेव्हिस ग्रुप’मध्ये गाणारा बर्मिंगहॅमचा हा पोरगा विशीलाही पोचला नव्हता, पण ब्लूज गाताना तो मुरलेल्या गवयासारखा वाटे. तरीही ट्रॅफिकमध्ये लोकसंगीत आणि जॅझ एकत्र नांदले, याचं मोठं श्रेय मी ख्रिस वुडला देईन. हा बासरी आणि सॅक्सोफोन वाजवणारा, मंचावर कडेला राहणारा माणूस.

१९६७मध्ये विनवुड, वुड, जिम कपाल्डी आणि डेव्ह मेसन एकत्र आले आणि तेव्हाच्या बर्कशरमधल्या ॲस्टन टिरोल्ड गावाबाहेर एका घरात राहू लागले. वाजवत राहायचं आणि त्यातून गाणं सापडतं का बघायचं, ही त्यांची रीत. मेसनला ती मानवेना. तो घरून पुरं गाणं बांधून आणी. सतारीची झालर लावलेलं त्याचं ‘होल इन माय शू’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. बाकीच्यांना मात्र ते आपलं वाटलंच नाही. मेसन गेला, परतला, पुन्हा गेला. पण या ओढाताणीचा फायदाही झाला. १९६८चा ‘ट्रॅफिक’ हा अल्बम नेटका आहे, तो त्याच्यामुळेच. त्यातलं त्याचं ‘फीलिंग ऑलराइट’ पुढे जो कॉकरने गाऊन घरोघरी पोचवलं.

१९६९मध्ये बँड मोडला. विनवुड एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकरबरोबर ‘ब्लाइंड फेथ’मध्ये गेला; तो संसार वर्षभरही टिकला नाही. मग त्याने एकट्याचा अल्बम सुरू केला. काम पुढे सरकेना, तेव्हा कपाल्डी आणि वुडला बोलावलं. त्यातून १९७०मध्ये ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’ तयार झाला.

इथं वुडचा कान कळतो. शीर्षकगीत हे इंग्लंडचं जुनं लोकगीत. कापणी, मळणी, दळण असे सगळे हाल सोसून शेवटी मद्य होणारं बार्लीचं पीक त्यात माणसासारखं उभं केलंय. वुडने ते ‘वॉटरसन्स’ या लोकगायक कुटुंबाच्या ‘फ्रॉस्ट अँड फायर’ या अल्बमवर ऐकलं आणि बँडपुढे ठेवलं. ट्रॅफिकने त्याला विजेच्या गिटारी लावल्या नाहीत, हा मोठा शहाणपणा. साधी गिटार, बासरी, हलका ताल, दोन आवाज. त्याच अल्बमच्या सुरुवातीला ‘ग्लॅड’ आहे: शब्द नाहीत, पियानो आणि ऑर्गन धावतात, वुडचा सॅक्सोफोन त्यांच्याशी जॅझच्या भाषेत भांडतो. दोन्ही टोकांना एकच माणूस सहज वावरतो. फोकची जॅझशी बळेच मोट बांधणारे बँड तेव्हा काही कमी नव्हते. इथं तो आटापिटा दिसत नाही. हा अल्बम अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर पोचला.

पुढच्या वर्षीच्या ‘द लो स्पार्क ऑफ हाय हील्ड बॉइज’चं शीर्षकगीत अकरा मिनिटांहून लांब आहे आणि एकही मिनिट जड जात नाही. घानाचा तालवादक रीबॉप क्वाकू बाह तोवर आला होता. नंतर अलाबामातल्या मसल शोल्सचे कसलेले वादक आले. ताल पक्का झाला, पण वादनातली अनिश्चितता गेली. १९७३च्या ‘शूट आउट ॲट द फॅन्टसी फॅक्टरी’त गाणी लांबतात, पण सांगण्यासारखं फारसं नसतं. १९७४मध्ये बँड थांबला.

वुड १९८३मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. १९९४मध्ये विनवुड आणि कपाल्डी या दोघांनीच ट्रॅफिकच्या नावाने ‘फार फ्रॉम होम’ काढला आणि तो वुडला अर्पण केला. अल्बम सफाईदार आहे, विनवुडचा गळाही शाबूत आहे. पण ऐकताना तो विनवुडचा अल्बम वाटतो, ट्रॅफिकचा नाही.