नकारानंतरचा स्वीकार : दलित स्वकथनांतील श्रोत्याचे स्थान

दलित साहित्याच्या मराठी समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह या संज्ञा इतक्या रूढ झाल्या आहेत की 'स्वीकार' हा शब्द त्यांच्या शेजारी उच्चारणेही विसंगत वाटावे. हा संशय निराधार नाही. जातिव्यवस्थेने दलितांकडून शतकानुशतके स्वीकाराचीच मागणी केली : वाट्याला आलेल्या कामाचा, हिणवून ठेवलेल्या नावाचा, गावाबाहेरच्या वस्तीचा आणि उरलेल्या अन्नाचा. अशा स्वीकाराला नकार देणे ही दलित साहित्याची पहिली कृती होती. परंतु १९७८ साली 'बलुतं' प्रसिद्ध झाल्यानंतर स्वकथनांची जी परंपरा उभी राहिली, तीत एका वेगळ्या स्वीकाराचीही हालचाल दिसते. जे आयुष्य लपवावे असे वाटत आले, ते 'हे माझे आहे' असे म्हणून दुसऱ्यासमोर मांडता येणे, हा तो स्वीकार होय. व्यवस्थेने लादलेल्या स्थानाला नकार दिल्याशिवाय तो संभवत नाही. पण नुसत्या नकाराने तो सिद्धही होत नाही.

हा स्वीकार कसा घडतो, याचे प्रचलित उत्तर विरेचनाच्या कल्पनेवर आधारलेले आहे. दुःख सांगितले की हलके होते, कथन म्हणजेच मुक्ती, असे गृहीत धरले जाते आणि मग समीक्षा अनुभवाच्या अस्सलतेची ग्वाही देण्यात गुंतून पडते. या उत्तरात शरमेचे स्वरूपच लक्षात घेतलेले नसते. शरम ही एकट्याची भावना नव्हे. तिच्यात दुसऱ्याची नजर आधीच मिसळलेली असते. ज्या नजरेने माणसाला स्वतःची लाज वाटावयास लावले, त्याच नजरेपुढे आपले आयुष्य उघडे केले, तर ते मुक्तीऐवजी नवे उघडेपण ठरू शकते. स्वकथने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा आपल्याच समाजाचा उकिरडा चारचौघांत कशासाठी उकरायचा, असा आक्षेप सुशिक्षित दलितांमधूनही घेतला गेला. पांढरपेशा संकोच म्हणून तो बहुधा निकालात काढला जातो. परंतु हे सारे कोणासमोर सांगितले जात आहे, हा एक खरा वाङ्मयीन प्रश्न त्या आक्षेपात दडलेला होता. स्वकथनांतील स्वस्वीकाराचा विचार या प्रश्नापासूनच सुरू करावा लागतो.

चार्ल्स टेलर यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मान्यतेच्या राजकारणावरील निबंधात माणसाची ओळख संवादातून घडते आणि इतरांनी केलेली विपरीत ओळख ही खरीखुरी इजा असते, असे प्रतिपादन केले. दलित स्वकथनांच्या संदर्भात हा विचार उपयुक्त असला तरी अपुरा आहे. मान्यता देणारा कोण आणि ती देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न येथे अधिक मूलगामी ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आत्मपर टिपणांत अस्पृश्यतेचा अनुभव ठाऊक नसलेल्या परकीय वाचकाला समोर धरले आहे. श्रोत्याची ही निवड अर्थपूर्ण आहे. जो न्याय देण्याच्या आसनावर परंपरेने बसलेला नाही, त्याला सांगताना सांगणारा आरोपी राहत नाही. तो साक्षीदार होतो. मराठी स्वकथनांना मात्र श्रोता असा दूर नेऊन ठेवता आला नाही. त्यांची भाषा, त्यांचे प्रकाशक आणि त्यांचा बराचसा वाचक त्याच समाजाचा भाग होते, ज्याच्याविषयी ती बोलत होती. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या स्वकथनाला आपला श्रोता नव्याने घडवावा लागला.

'बलुतं'मधील निवेदनाची योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो, अशी ही रचना आहे. सांगणारा आणि ऐकणारा एकाच देहात राहतात. ही निवेदनाची केवळ क्लृप्ती मानली तर तिचे मर्म हातून निसटते. दगडूकडे महारवाडा आहे, मुंबईचा कावाखाना आहे, बापाचे व्यसन आणि आईचे कष्ट आहेत. दया पवारकडे शिक्षण, साहित्यविश्वातील नाव आणि पांढरपेशा जगण्याशी आलेली ओळख आहे. ज्या नजरेची दगडूला धास्ती वाटते, ती आता बाहेर उरलेली नाही. ती दया पवारच्या डोळ्यांत येऊन बसली आहे. शरमेचे दोन्ही पक्ष असे समोरासमोर बसवणे हेच या पुस्तकाचे धाडस आहे. मात्र हा संवाद समेटाने संपत नाही. 'दगडू' हे नाव पुस्तकात जगते, मुखपृष्ठावर 'दया' हेच राहते. स्वस्वीकार पूर्ण झाला असा दावा 'बलुतं' करीत नाही. तो किती अवघड आहे हे ते दाखवते. त्याचा प्रामाणिकपणा या अपूर्णतेत आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) श्रोता आत नाही, तो समोर उभा केलेला आहे. बारा माशांच्या तोळ्यात एक मासा कमी तो अक्करमासा. अनौरस संततीला चिकटवलेला हा शब्द माणसाचे मोल वजनकाट्यावर ठरवतो. लेखकाने तोच शब्द शीर्षक केला. आई दलित, बाप पाटील, आणि आजीबरोबर राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान माणसाने लावलेली माया, अशा गुंतागुंतीतून आलेल्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारले जाते तेव्हा तो प्रश्न नोंदवहीतील रकान्यापुरता उरत नाही. त्याचे उत्तर देण्याऐवजी हे कथन प्रश्न विचारण्याची दिशाच उलटवते. आपण कोण, हा सांगणाऱ्याचा प्रश्न हळूहळू 'मला असे ठरवणारे तुम्ही कोण' या प्रश्नात रूपांतरित होतो. या उलटापालटीत स्वीकाराची शक्यता निर्माण होते. पुढे किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिताना बापाच्या नावाच्या जागी तमाशात नाचणाऱ्या आईचे नाव लावले. जे नाव लपवावे लागत होते तेच लेखकाची ओळख बनले. तरीही या दोन्ही कथनांत जाब विचारला जातो तो मुख्यतः प्रतिष्ठित समाजाला. त्यामुळे स्वीकाराला शेवटपर्यंत प्रतिवादाची धार राहते, आणि प्रतिवाद करणाऱ्याला प्रतिपक्षाचे भान क्षणभरही सोडता येत नाही.

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चा (१९८६) श्रोता निराळा आहे. शीर्षकातील 'आमुचं' हा शब्द केवळ नम्रतेचा नाही. या पुस्तकात 'मी' जवळजवळ विरघळून गेला आहे. बोलतो तो महारवाडा. दारिद्र्य, अंधश्रद्धा, सासुरवासात भरडलेल्या कोवळ्या सुना यांचे येथील चित्रण कुठल्याही बाहेरच्या टीकाकाराइतके कठोर आहे, पण ते लाजिरवाणे वाटत नाही. याचे कारण ते ज्यांच्याविषयी आहे त्यांच्याच पुढच्या पिढीला उद्देशून आहे. बाबासाहेबांच्या चळवळीने उभे केलेले, आणि आता सुशिक्षित होऊन मागचे विसरू लागलेले घरचेच लोक हा तिचा श्रोता. घरच्या माणसांना घरातले दारिद्र्य सांगताना उघडे पडण्याची भीती नसते. विसर पडण्याची भीती असते. शरमेची जागा येथे स्मृतीच्या जबाबदारीने घेतली आहे.

मात्र या सामूहिक स्वीकाराची एक किंमतही आहे. फलटणला दुकान सांभाळताना बेबीताईंनी हे लेखन अनेक वर्षे नवऱ्यापासून लपवून केले. संपूर्ण समाजाचे जिणे निर्भयपणे सांगणाऱ्या या लेखिकेने स्वतःच्या संसारातील मारहाणीविषयी पुस्तकात मौन पाळले. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या मुलाखतीत हे मौन सुटले. म्हणजे 'आम्ही'च्या कथनात जे मावले नाही, ते एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीला विचारलेल्या थेट प्रश्नासमोर बोलले गेले. आपल्या माणसांचे ऐकणेही निवडक असते, हे त्यावरून लक्षात येते. समूहाच्या स्वाभिमानाला जे सोयीचे नसते, ते सांगण्यासाठी आणखी वेगळा श्रोता लागतो.

असा श्रोता घडवण्याचे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात केले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून, त्यांच्या आठवणींना इतिहासाचे स्थान देणारा हा ग्रंथ आहे. आपण जे केले ते सांगण्याजोगे आहे, ही जाणीव कोणीतरी येऊन विचारल्याशिवाय अनेकींना होणे कठीण होते. विचारणे हीच येथे मान्यता ठरली, आणि ती वरून बहाल झालेली नव्हती. ऊर्मिला पवारांचे स्वतःचे 'आयदान' (२००३) नंतर आले, हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही. आधी ऐकणारी असलेली लेखिका सांगू लागली तेव्हा तिला 'मी' आणि 'आम्ही' यांपैकी एकाची निवड करावी लागली नाही. आईचे बांबूचे विणकाम, कोकणातील वस्ती, चळवळ, आणि नवऱ्याशी होणारे मतभेद हे सारे एकाच विणीत येते. जात्यावरच्या ओवीचे सूत्र येथे आठवावे : दोघी दळायला बसतात, आणि एकीने गायिलेले दुसरी पुढे नेते, ऐकणारी हीच पुढची गाणारी असते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. श्रोत्यावर इतका भर दिल्याने लेखकाचे कर्तृत्व कमी होते आणि स्वस्वीकार पुन्हा परावलंबी ठरतो, असे म्हणता येईल. परंतु वरील प्रत्येक कथनात श्रोता आयता मिळालेला नाही. तो लेखकाने घडवला आहे, कधी स्वतःला दुभंगून, कधी जाब विचारून, कधी घरच्यांना हाक मारून, तर कधी आधी इतरांचे ऐकून. हे घडवणे हेच या लेखकांचे खरे कर्तृत्व होय. उलट ज्या कथनात असा श्रोता घडत नाही आणि प्रस्थापित वाचकाच्या हळहळीवरच सारा भर राहतो, तेथे कितीही अस्सल अनुभव असला तरी सांगणारा दयेचा विषय होऊन उरतो. कौतुकाचे शब्द मिळतात. ज्या नजरेने लाज निर्माण केली ती मात्र तशीच राहते.

आज परिघावरील माणसांचे कथन छापील पुस्तकापुरते राहिलेले नाही. हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर ते क्षणार्धात पोचते, आणि समदुःखी परका, संकोचलेला आप्त व हेटाळणी करणारा अनोळखी असे तिघेही एकाच वेळी उत्तर देतात. पूर्वी लेखकाला श्रोता घडवण्यासाठी वर्षे मिळत; बेबीताईंना तर ती लपूनछपून मिळवावी लागली. आता सांगण्याआधीच श्रोते जमलेले असतात, आणि त्यांतला कोणता आपला मानायचा हे सांगणाऱ्याला जागच्या जागी ठरवावे लागते. सांगण्याची सोय वाढली म्हणून स्वीकार सुलभ झाला, असे त्यामुळे म्हणता येत नाही. दलित स्वकथनांच्या समीक्षेनेही आता काय भोगले या प्रश्नाबरोबरच ते कोणाला सांगितले, आणि ऐकणारा त्यानंतर पूर्वीचाच राहिला काय, हे विचारणे अगत्याचे आहे. दगडूची कहाणी ऐकून घेतलेला दया पवार पूर्वीचा राहिला नाही. 'बलुतं' वाचून झाल्यावर हाच प्रश्न वाचकाकडे वळतो.